‘आलतो’चे व्याकरण

उघड, उघडा, उघडतो ही तीन रूपे मोठ्याने म्हणून पाहावीत. ‘उघड’ हा शब्द ‘उ-घड’ असा तुटतो. ‘दार उघडा’ म्हणताना ‘घ’मधला अ निघून जातो आणि तोंडातून ‘उघ्-डा’ बाहेर पडते. ‘उघडतो’ म्हटले की ‘घ’चा अ परत येतो आणि ‘ड’चा जातो: उ-घड्-तो. धातू एकच आहे. प्रत्यय बदलला आणि शब्दाची तोडणी बदलली. ‘विसरलो’ वि-सर्-लो असा, तर ‘विसरून’ विस्-रून असा. ‘उतरतो’ उ-तर्-तो असा, पण त्यात एक ‘व’ घालून ‘उतरवतो’ केले की उत्-रव्-तो.

यामागे नियम आहे आणि तो सोपा आहे. शब्दाच्या शेवटाकडून उलटे यायचे. वाटेत जो बिनकान्याचा, बिनमात्रेचा अ भेटेल तो गळतो. एक गळला की त्याच्या लगतचा टिकतो. त्यापुढचा पुन्हा गळू शकतो. शब्दाच्या आरंभीचा अ कधी गळत नाही. मराठी घरात वाढलेले पाच वर्षांचे मूल हा हिशेब न शिकता बिनचूक करते. शाळेत मात्र तो कोणी सांगत नाही, कारण लिपीला तो दिसत नाही. देवनागरीत ‘करतो’ ही तीन अक्षरे आहेत. बोलण्यात ते कर्-तो असे दोनच तुकडे आहेत.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या क्रियापदांबद्दल जे लिहायचे आहे ते या नियमावर उभे आहे. या भागातले मूल वहीत ‘मी काल आलतो’ लिहिते आणि त्याखाली लाल रेघ येते. पिढ्यान् पिढ्या ती येत आली आहे. ही रेघ मारताना आपण भाषेचा एक चोख नियम चूक ठरवतो, आणि त्याच नियमातून जन्मलेले प्रमाण रूप मात्र शुद्ध म्हणून फळ्यावर लिहितो. हे अन्यायाचे आहे, शिवाय व्याकरणाच्या दृष्टीनेही खोटे आहे.

‘आलतो’ कसे घडले ते पाहू. आलो होतो, आला होता, आली होती, आलं होतं ही पूर्ण भूतकाळाची रूपे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘ह’ जलद बोलण्यात टिकत नाही. तो गेला की त्याच्या मागचा ‘ओ’ही जातो. आता ‘आली’मधला शेवटचा ‘ई’ शब्दाच्या पोटात अडकतो, तिथे त्याच्यावर जोर नसतो, म्हणून तो आखडून अ होतो आणि वरच्या नियमाने तो अही गळतो. उरते आल्-ती. गेलतो, गेलतास, गेलता, गेलती, गेलतं. केलतं, बसलती, सांगितलतं. एकही रूप साच्याबाहेर जात नाही. यात आणखी एक गोष्ट घडते. प्रमाण मराठी ‘आली होती’मध्ये स्त्रीलिंग दोनदा सांगते, एकदा ‘ली’त आणि एकदा ‘ती’त. कृष्णाकाठची मराठी ते एकदाच सांगते, शेवटी, जिथे ऐकणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते. याला आळशी जिभेचे बोलणे म्हणणाऱ्याने ही रचना नीट ऐकलेलीच नाही.

आता प्रमाण भाषेकडे वळू. एकोणिसाव्या शतकातले कुठलेही मराठी पुस्तक उघडावे. त्यात ‘करितो’, ‘करितात’, ‘करितां’ अशी रूपे पानोपानी आहेत. पुढे मधला ‘इ’ आखडून अ झाला आणि ‘करितो’चा ‘करतो’ झाला. तो अही बोलण्यात गळला आणि ‘कर्-तो’ उरला. ‘आलती’त जे झाले तेच इथे झाले: पोटात अडकलेला, जोर नसलेला स्वर आधी दुबळा झाला, मग गेला. ‘करतो आहे’चे ‘करतोय’ होते, ‘आलो आहे’चे ‘आलोय’ होते, आणि ही रूपे आज पुण्या-मुंबईच्या कथा-कादंबऱ्यांत, वर्तमानपत्रांत, नाटकांत बिनदिक्कत छापली जातात. सातारा, माण, खटावकडे तेच ‘करतुया’, ‘जातुया’ होते. जोर पुढच्या ‘या’कडे सरकला, म्हणून मागचा ‘ओ’ आखडून ‘उ’ झाला, असे माझ्या कानाला वाटते. ‘करतोय’ला मान आणि ‘करतुया’ला हसू, यात व्याकरणाचा संबंध नाही. कोणता उच्चार कोणत्या गावचा, एवढाच तो प्रश्न आहे.

हे गाव कसे ठरले, याचा इतिहास फार जुना नाही.

छपाईपूर्वी मराठीचा रोजचा व्यवहार मोडीत चालत असे. साताऱ्याच्या छत्रपतींचे दफ्तर, पेशव्यांचे दफ्तर, वतनांचे, वसुलीचे, न्यायनिवाड्याचे कागद सगळे मोडीत. मोडी लिहिणारा कारकून ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसे. इकार एकच, उकार एकच. तिथे स्वर किती लांब आणि शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने आपल्या बोलीने भरून घ्यायचे. वाईचा वाचणारा वाईसारखे वाचे, मिरजेचा मिरजेसारखे. कागद एकच आणि उच्चार अनेक, आणि त्यात कोणाला खटकण्यासारखे काही नव्हते.

पद्याची गोष्ट वेगळी होती, कारण तिथे लांबी मोजावीच लागे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात बारा अक्षरे: लघु, गुरु, गुरु असा य गण चार वेळा. या वृत्तात दोन लघु अक्षरे कधीच लागोपाठ येत नाहीत. म्हणजे ‘करितो’ किंवा ‘करतो’ हे लघु-लघु-गुरु रूप त्यात बसतच नाही. बसते ते ‘करावे’, ‘धरावे’, ‘नसावे’: लघु, गुरु, गुरु. बसते ते जुने ‘करी’, किंवा ताणलेले ‘करीती’. व्याकरणात ज्याला वाख्यात म्हणतात ते विधी सांगणारे रूप मनाच्या श्लोकांत इतके का भेटते, याचे एक उत्तर उपदेशाच्या हेतूत आहे, आणि दुसरे या मोजमापात. वृत्ताने क्रियापदाचा अर्थ निवडला असे म्हणणे फार होईल. पण सज्जनगडावरच्या त्या कवीला जे सांगायचे होते आणि जे वृत्त हाती होते, त्यांची गाठ क्रियापदाच्या तीन अक्षरांत पडली, एवढे मी ठामपणे म्हणतो.

अभंग आणि ओवीत अक्षरे मोजली जातात, लघु-गुरु पाहिले जात नाही. तिथे ‘करतो’ची तीन अक्षरे मोजायची आणि म्हणताना मधला अ उच्चारायचा. कीर्तनात, भजनात आपण तो उच्चारतोच. बोलताना गेलेला अ गाताना परत येतो, तो त्यामुळे. मात्रांवर चालणाऱ्या रचनांची सोय आणखी निराळी. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवत असताना ‘छंदोरचना’चे काम वाढवत नेले, १९२७च्या पहिल्या आवृत्तीनंतर १९३७ साली ते विस्तारून पुन्हा छापले. वृत्त, जाति आणि छंद असे तीन वर्ग त्यांनी केले. यातल्या जातीत मात्रा मोजतात. क-र-तो या तीन अक्षरांच्या मात्रा एक, एक, दोन मिळून चार. कर्-तो या दोन तुकड्यांच्या मात्रा दोन आणि दोन, मिळून चारच. अक्षर गळले तरी मात्रा गळत नाही, कारण गळणारा अ आपले वजन मागच्या अक्षराला देऊन जातो. म्हणून मात्रांत लिहिणाऱ्याला लेखी रूप आणि बोलके रूप यांत निवड करावी लागत नाही. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लावणी लिहीत होते, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीसाठी ‘गीतरामायणा’ची छप्पन गीते लिहीत होते. यांचे शब्द बोलल्यासारखे वाटूनही ताल सोडत नाहीत. त्यामागे प्रतिभा आहेच, आणि मराठी क्रियापदाच्या मात्रांचा हा हिशेबही आहे.

बोलीचा मान छपाईने हलवला. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८५७ साली त्याची मोठी दुसरी आवृत्ती. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शाळांची पुस्तके तयार झाली. छापायला मोडीऐवजी बाळबोध, म्हणजे देवनागरी, घेतली, आणि आता ह्रस्व-दीर्घ लिहावेच लागले. लिहायचे तर कोणाचा उच्चार प्रमाण मानायचा, हा प्रश्न आला. उत्तर पुण्याच्या शिकलेल्या वर्गाचे ठरले, कारण शास्त्री, पंडित, भाषांतरकार त्याच वर्गातले होते. खटाव तालुक्यातल्या कटगुणचे मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या तोंडची भाषा गद्यात आणली, पण पाठ्यपुस्तकांच्या मराठीने तो रस्ता घेतला नाही.

पुढच्या व्याकरणकारांनी काम कमी केले असे नाही. मोरो केशव दामले यांचे १९११चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ क्रियापदांच्या आख्यातांचा जो बारकाईने विचार करते, त्याला आजही तोड नाही. युरोपात झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. त्याचे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले मराठी रूप १९४१ साली आले. राल्फ टर्नर यांनी १९१६ साली मराठीतल्या आघातावर स्वतंत्र निबंध लिहिला. कोणता स्वर टिकला आणि कोणता आखडला, यावरून प्राचीन काळी शब्दात जोर कुठे होता याचा माग काढता येतो, हा त्यांचा विचार. मराठीचे आघात आणि तोडणी हा जगाच्या विद्वानांना शंभर वर्षांपूर्वी इतका महत्त्वाचा विषय वाटला. आपल्या सातवी-आठवीच्या पुस्तकात त्याला अर्धे पान नाही.

१९६२ साल या गोष्टीत विशेष आहे. त्या वर्षी साहित्य संमेलन साताऱ्याला भरले, अध्यक्ष काकासाहेब गाडगीळ. त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम राज्य सरकारने स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. १९६२च्या त्या निर्णयाच्या वेळी मुख्यमंत्रिपदी देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण होते, म्हणजे जुन्या सातारा जिल्ह्याचेच. १९४९ साली त्या जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. या नियमांनी मोठे काम केले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, लेखन सोपे झाले, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची वाट मोकळी झाली. आणि त्यांतला उपान्त्य इकार-उकाराचा नियम पाहिला तर तो तोडणीचाच नियम आहे: ‘लूट’ दीर्घ, ‘लुटतो’ ऱ्हस्व, ‘पूस’ दीर्घ, ‘पुसतो’ ऱ्हस्व. शब्द एकाच तुकड्याचा असला की स्वर लांबतो, पुढे आणखी तुकडा जोडला की तो आखडतो. कारण न सांगता पाठ करायला लावलेला हा नियम मुलांना जाचक वाटतो. कारण सांगितले तर मूल स्वतःच्या कानाने तो पडताळू शकते.

याच नियमांनी पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा दिली. ती मुभा साहित्याने आधीच घेतली होती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ची, ‘बनगरवाडी’ १९५५ची. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ची. या पुस्तकांनी माणदेश आणि वारणेचे खोरे मराठी वाचकाच्या कानात कायमचे बसवले. पण बोली राहिली ती अवतरणचिन्हांच्या आत. निवेदक बोलू लागला की प्रमाण मराठी. याचा दोष त्या लेखकांना देता येत नाही. त्यांनी जे आत आणले तेच त्या काळात मोठे धाडस होते. वाचकाने त्यातून काढलेला अर्थ मात्र असा झाला की ‘आलतो’ हे पात्राचे असते आणि ‘आलो होतो’ लेखकाचे.

आणि ज्यांच्या घरात ‘आलतो’ बोलले जात होते ती मुले याच काळात प्रथमच हजारोंनी शाळेत आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली. डोंगरकपारीतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना वसतिगृहात राहून शिकता आले. या महाराष्ट्रावर त्या कामाचे उपकार आहेत. या मुलांना प्रमाण भाषा शिकवणे आवश्यकच होते. परीक्षा, नोकरी, अर्ज, न्यायालय सगळे तिच्यात. गैर झाले ते शिकवण्याच्या रीतीत. दोन रूपांतला संबंध दाखवण्याऐवजी एकाला शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध म्हटले गेले, आणि अशुद्ध हा शब्द मुलाने आपल्या आईच्या बोलण्याला लावून घेतला.

इतिहासाने या बाबतीत फार वेगळे निवाडे दिले आहेत. लॅटिनमध्ये ‘कांतारे’ म्हणजे गाणे आणि ‘हाबेओ’ म्हणजे माझ्याकडे आहे. लोक बोलताना ‘मला गायचे आहे’ अशा अर्थाने हे दोन शब्द जोडून म्हणू लागले. शतके गेली. दुसरे क्रियापद पहिल्यात विरघळले, ‘हाबेओ’चा फक्त ‘ओ’ उरला, आणि इटालियनचा भविष्यकाळ जन्मला: ‘कांतेरो’, मी गाईन. त्यातला जोर शेवटच्या ‘रो’वर आहे, कारण तिथे एक अख्खे क्रियापद मुरले आहे, आणि इटालियन लिपी त्या अक्षरावर खूण करून तो जोर दाखवते. ही खूण महत्त्वाची असते. ‘पार्लो’ हा शब्द पहिल्या तुकड्यावर जोर देऊन म्हटला तर ‘मी बोलतो’; शेवटच्या तुकड्यावर जोर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत जोराने असा अर्थ बदलत नाही. आपला जोर जड तुकड्याच्या मागे जातो आणि हलक्या तुकड्यांना गाळत जातो. पण ‘आलतो’त ‘होतो’ जसा मुरला, तसाच ‘कांतेरो’त ‘हाबेओ’. तिथे बाजारातले बोलणे व्याकरणाचा काळ झाले. आज ते शाळेत शिकवतात. इटलीतही एका शहराचे बोलणे देशाचे ठरले: १५२५ साली पिएत्रो बेंबो यांनी फ्लॉरेन्सच्या चौदाव्या शतकातल्या लेखकांची भाषा नमुना म्हणून पुढे ठेवली. तिथल्या बोलींनाही त्याची किंमत मोजावी लागली. मात्र ‘कांतेरो’ कशापासून झाला हे तिथले व्याकरण सांगते.

आपल्या दारातला याहून सरस दाखला मिरज आणि जत या भागात आहे. कोल्हापूर-सांगलीकडे ‘करायला लागलोय’चे ‘करायलोय’ होते आणि पुढे ‘करालोय’. मी करालोय, तू करालायस, तो करालाय, ते करालेत. पाऊस पडालाय, पोरं खेळालेत. ‘लागणे’ हे क्रियापद यात जवळजवळ पूर्ण मुरले आहे. आणि कृतीला सुरुवात होऊन ती चालू आहे हा अर्थ एका छोट्या रूपात बसला आहे. जत तालुक्यात कन्नड बोलणारी गावे आहेत. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये हाच अर्थ ‘माडाक हत्तीनि’ असा सांगतात: ‘माडाक’ म्हणजे करायला, ‘हत्तु’ म्हणजे लागणे. भरभर बोलताना त्याचे ‘माडाकत्तीनि’ होते. इथेही ‘ह’ गेला, इथेही दुसरे क्रियापद पहिल्यात मुरले. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्रविड कुळातली. शतकानुशतके एकाच बाजारात, एकाच उसाच्या फडात, एकाच यात्रेत बोलत आलेल्या लोकांनी दोन्ही भाषांत एकच वाट पाडली. दोन भाषाकुळांच्या शेजाराचा इतका जिवंत पुरावा असलेल्या रूपाखाली आपण लाल रेघ मारतो.

या बोलींची नोंद करण्याचे काम आता सुरू आहे, ही समाधानाची गोष्ट. १९०५ साली ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड आला. त्यात देशावरची मराठी हा एक मोठा गट होता आणि त्यातल्या खोऱ्याखोऱ्यांचे भेद मागे पडले. २०१३ साली गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाने निघाला. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून बोलींचे ध्वनिमुद्रण करून नकाशे तयार केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. जुने शिलालेख आणि ग्रंथ हे त्या दर्जाचे आधार आहेत. त्याच भाषेची आज चालू असलेली घडण ज्यांच्या तोंडात दिसते, त्यांना त्या दर्जाचा काही भाग पोचायला हवा.

काय करावे, हे अवघड नाही. सातवीच्या व्याकरणात गण आणि मात्रांच्या आधी दोन तास उच्चाराच्या तोडणीला द्यावेत. उघड, उघडा, उघडतो मुलांनी टाळी वाजवत म्हणावे आणि कुठे किती टाळ्या पडतात ते लिहावे. लघु-गुरु त्यानंतर सांगितले तर ते पाठांतर राहणार नाही. शिक्षकाने ‘आलतो’ खोडू नये. त्याच्या शेजारी ‘आलो होतो’ लिहून मधले कोणते आवाज गेले हे मुलालाच शोधायला सांगावे, आणि निबंधात कोणते रूप वापरायचे हेही स्पष्ट सांगावे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या त्या जिल्ह्याच्या क्रियापदांचा तक्ता असावा. विट्याच्या शिक्षकाला विट्याचा, पाटणच्या शिक्षकाला पाटणचा. डेक्कन कॉलेजच्या मुद्रणांतून असे तक्ते निघू शकतात.

फोनला बोलून मजकूर लिहून घेणे, बँकेच्या यंत्राशी मराठीत बोलणे, शेतीचा सल्ला आवाजाने मागणे हे आता खेड्यातही पोचले आहे. या यंत्रांना ‘उतरतो’ आणि ‘उतरवतो’ यांची तोडणी वेगळी असते हे शिकवावे लागते, नाहीतर ती परक्यासारखे वाचतात. त्यांना ‘गेलती’ आणि ‘करालोय’ही शिकवावे लागेल. ज्या आवाजांवर ती तयार होतात त्यांत माण-खटावची, कवठेमहांकाळची, शिराळ्याची माणसे नसतील, तर तिथल्या म्हातारीचे बोलणे यंत्राला कळणार नाही आणि तिला पुन्हा एकदा, या वेळी यंत्राकडून, नीट बोलायला सांगितले जाईल. मराठीसाठी सरकारी पैशाने जमवल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनिसंग्रहात तालुकानिहाय बोलणारे घ्यावेत आणि त्यांची रूपे प्रमाण मराठीत सुधारून न घेता जशी आली तशी लिहावीत, ही अट आजच घातली पाहिजे.